पाय सोडून बसलेली

ही कधीकाळी उभी असायची असं सांगितलं, तर कुणाला पटणार नाही. सतरंजीवर, गादीवर, देवळाच्या फरशीवर, गणपतीच्या मांडवात कडेला, जिथे टेकेल तिथे ती जन्मापासून बसलेलीच वाटते. बसका बांधा, सागवानी अंग, समोर गोल खुंट्यांची ओळ, वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि पाठीला भाता. बोलायच्या आधी श्वास घेते आणि तो पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येतो. पावसाळ्यात तिची एखादी पट्टी हमखास रुसते. कधी मुकी होते, कधी त्याहून वाईट, बोट काढलं तरी ओरडत राहते. मग पेटीवाला गाणाऱ्याकडे ओशाळं बघत त्या पट्टीखाली नख घालून तिला वर उचलतो, आणि बुवा काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने अभंग पुढे नेतात.

आपल्याकडे ती सगळीकडे असते. नारदीय कीर्तनात बुवांच्या मागे, भजनी मंडळात पखवाजाच्या शेजारी, लावणीच्या बारीत ढोलकीसमोर, शाळेच्या प्रार्थनेला व्हरांड्यात, आणि मुलगी बघायचा कार्यक्रम 'एखादं पद म्हणून दाखव' इथवर यायचा त्या काळी बैठकीच्या खोलीतही. "काळी चार धरू का पाच?" हा प्रश्न महाराष्ट्रात ज्याने कधीच ऐकला नाही, तो कुठल्याही गावच्या आरतीला फिरकला नसणार. इतकी ती घरची. म्हणूनच तिचं पूर्वचरित्र कुणी विचारत नाही. शेजारच्या काकू लग्नाआधी कुठे नोकरीला होत्या, हे तरी आपण कुठे विचारतो?

तर बाई मूळच्या पॅरिसच्या. फुंकरीने थरथरणाऱ्या पट्टीचा सूर चीनमध्ये फार जुना. शेंग नावाच्या त्यांच्या तोंडाने वाजवायच्या वाद्यात तो शतकानुशतकं होता. युरोपातल्या कारागिरांना त्याचं वेड अठराव्या शतकाच्या अखेरीस लागलं. 1840 च्या सुमाराला पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ या कारागिराने तिला 'हार्मोनियम' हे नाव दिलं, त्याचं पेटंट घेतलं आणि ती कामाला लागली. तेव्हा ती उभी होती. टेबलाच्या उंचीची, खाली पायांनी दाबायचे दोन पायटे. वादक खुर्चीवर बसायचा, पाय आळीपाळीने भाता हलवायचे, आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. हे दोन मोकळे हात हेच तिचं भांडवल. डाव्या हाताने खालचे सूर धरायचे, उजव्याने चाल वाजवायची, चार-पाच सूर एकत्र उभे करून त्यांचा गोफ विणायचा. तिकडच्या संगीताचं सगळं घर या एकत्र वाजणाऱ्या सुरांवर उभं. ज्या गावातल्या चर्चला मोठ्या नळ्यांचा ऑर्गन परवडत नव्हता तिथे ती गेली. ज्या मध्यमवर्गी घराला पियानो झेपत नव्हता तिथे ती दिवाणखान्यात मांडली गेली.

धंदा उत्तम चालला होता. ऑपेरांसाठी गाजलेला संगीतकार रोसिनी याने 1863 साली आपल्या उतारवयातला एक मोठा 'मास', म्हणजे चर्चच्या उपासनेची गायनरचना, लिहिला, त्याची साथसंगत होती दोन पियानो आणि एक हार्मोनियम. (हा रोसिनीही गमतीचा माणूस. 1829 साली, सदतिसाव्या वर्षी, अख्खा युरोप पायाशी असताना त्याने ऑपेरा लिहिणं बंद केलं आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं पुन्हा त्या वाटेला गेला नाही. त्याचं कारण लोक अजून शोधताहेत.) अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावी एस्टी नावाचा कारखाना तिच्या जातीची, हवा ओढून वाजणारी वाद्यं काढायचा. त्या एका कारखान्याने आपल्या आयुष्यात पाच लाखांहून अधिक काढली. एकोणिसाव्या शतकाची शेवटची दोन-तीन दशकं म्हणजे या घराण्याचा सुवर्णकाळ. हातात मान होता, कपाटात कामाच्या ऑर्डरी होत्या, आणि कुणी 'आता काहीतरी वेगळं कर' म्हणावं असं एकही कारण नव्हतं.

नेमक्या त्याच काळात कोलकात्यात तिचे पाय काढले गेले.

मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर ती हिंदुस्थानात आलीच होती. कोलकात्याला द्वारकानाथ घोष यांचं वाद्यांचं दुकान होतं. पायपेटी विकली जात होती, दुरुस्तीला येत होती. पण घोषबाबू ज्या शहरात राहत होते तिथले गाणारे जमिनीवर बसत. खुर्चीवरचा वादक आणि गादीवरचा गवई यांची नजरानजर होत नाही, आणि नजरानजर न होता आपल्याकडे साथ होत नाही. 1880 च्या दशकात घोषबाबूंनी पायटे काढले, भाता उचलून पाठीला लावला, पेटी मांडीच्या उंचीवर आणली. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या.

पाय गेले म्हणजे केवळ उंची गेली असं नाही. तिचा एक हात गेला. डावा हात आता हवा भरणार, मग खालचे सूर कोण धरणार? पॅरिसमध्ये ज्या कौशल्यावर तिचं नाव झालं, तेच तिने दारात काढून ठेवलं. आपण नोकरी बदलताना सर्वांत आधी जे अर्जावर ठळक लिहितो, तेच. पण जिथे ती चालली होती तिथे त्या कौशल्याला गिऱ्हाईकच नव्हतं. आपल्या गाण्यात एका वेळी एकच सूर चालतो, खाली तंबोऱ्याचा षड्ज. चार सूर एकत्र उभे करणारी बाई इथे अडचणीचीच ठरली असती. त्याबदली खुंट्या आल्या, खेचून ठेवल्या की एखादा सूर सतत गुणगुणत राहणाऱ्या.

आणखी एक गोष्ट सोडावी लागली, ती जास्त जिव्हारी लागणारी. चर्चमध्ये ती पुढे असायची. तिने सूर द्यायचा, मग मंडळींनी गायचं. इथे ती मागे आली. गवई जाईल तिकडे अर्धी मात्रा मागून जायचं, त्याने तान घेतली की तिचा पाठलाग करायचा पण गाठायचं नाही, तो दमला की जागा भरून काढायची, आणि त्याच्याआधी समेवर जाण्याचा आगाऊपणा तर चुकूनही करायचा नाही. मोठ्या हुद्द्यावरून उतरून दुसऱ्याच्या खात्यात कारकून व्हावं असा हा प्रकार.

एक गोष्ट तिने सोडली नाही. ती बघायची तर पेटी उघडावी लागते.

सांगलीत एका बोळात पेट्या दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, लोक त्यांना मिस्त्री म्हणतात. त्यांच्यापुढे एक जुनी पेटी उघडून पडली होती. आधी उंदरांनी कुरतडलेल्या भात्याची घडी, मग धुळीचा एक थर, मग एक वाळलेलं झुरळ. हे सगळं बाजूला केलं की फळीवर ओळीने मांडलेले सूर दिसतात. प्रत्येक सूर म्हणजे पितळेची एक लहान चौकट, तिच्यातल्या लांबट फटीवर एका टोकाला पक्की बसवलेली पितळेचीच जीभ. दुसरं टोक मोकळं. हवा आली की जीभ फटीतून आत-बाहेर थरथरते, बस. काळी पाचची मधली जीभ सेकंदाला सुमारे 466 वेळा. खर्जाच्या जिभा लांब, टिपेच्या तर नखाएवढ्या. मिस्त्रींनी एका जिभेखाली पातळ पत्रा सरकवला, बारीक कानस घेतली आणि टोकाजवळ दोनदा हलकेच फिरवली. टोकाकडचं वजन कमी झालं की सूर चढतो. मुळाशी घासलं की जीभ मऊ पडून सूर उतरतो. मोबाईलवरचं ट्यूनर ॲप हिरवं झालं. त्यांनी फोन बाजूला ठेवला, शेजारच्या सुराबरोबर तो वाजवून बघितला, नाक मुरडलं आणि कानस पुन्हा उचलली.

"यंत्र बरोबर म्हणतंय की," मी म्हटलं.

"यंत्राला एकच सूर ऐकू येतो. मला त्याचे शेजारीपण ऐकू येतात."

हीच ती जीभ. पॅरिसमधून निघताना होती तीच. पाय गेले, उंची गेली, डावा हात गेला, मान गेला. घोषबाबूंनी काय काय काढलं याची यादी मोठी होईल, पण जिभेला हात लावला नाही. चांगलं चाललेलं सोडणाऱ्या माणसांबद्दल आपला समज असा की ते सगळं टाकून निघतात. मला उलट वाटतं. जो सगळं टाकतो तो बहुधा हरून निघालेला असतो. जो चांगल्या दिवसांत निघतो त्याला निवड करायला सवड असते. आपल्यात नेमकं काय वाजतं आणि कशाचा नुसता सांगाडा आहे, हे त्याला निवांत बघता येतं.

अर्थात, हे सगळं मी एका मित्राला सांगितलं. पुण्यात मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, कैक वर्षं 'काहीतरी वेगळं करायचंय' म्हणतोय. तो शांतपणे म्हणाला, "पेटीला घराचे हप्ते नव्हते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. शिवाय पाय काही तिने स्वतः काढले नाहीत, घोषबाबूंनी काढले. पण ज्या माणसांच्या हातात ती गेली त्यांना पोट होतं, संसार होते. त्यांच्याकडे बघायला हरकत नाही.

गोविंदराव टेंबे घ्या. कोल्हापूरचे. पेटीवर त्यांचा हात असा की साथीच्या मागच्या जागेवरून तिला त्यांनी मैफलीच्या मध्यावर आणलं. लोक एकटी पेटी ऐकायला जमू लागले. एवढं नाव झाल्यावर माणसाने काय करावं? आयुष्यभर तेच करावं. टेंब्यांनी 1911 साली खाडिलकरांच्या 'मानापमान'ला चाली दिल्या, आणि त्या चालींनी महाराष्ट्र वेडा झाल्यावर स्वतः तोंडाला रंग लावून रंगभूमीवर उभे राहिले. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. गंधर्व मंडळीचा बोलबाला सुरू झाल्यावर तिथूनही निघाले आणि स्वतःची शिवराज मंडळी उभी केली. ती काही गंधर्व मंडळीसारखी गाजली नाही. मग 1932 साली, पन्नाशी उलटल्यावर, प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये हरिश्चंद्र. संगीतही त्यांचंच. मराठी बोलपटाचा तो पहिलाच काळ. माईक कुठे लपवायचा हेसुद्धा लोक अजून शिकत होते. तिथे हा माणूस नवशिका होऊन हजर. त्यानंतर पुस्तकं लिहिली, तीही वाचनीय.

टेंब्यांच्या या वाटचालीतला प्रत्येक डाव काही सुटला नाही. एका गोष्टीवर स्थिर राहिले असते तर पेटीवादनात आणखी काय करून ठेवलं असतं, अशी हळहळ करता येते, आणि ती खोटी नाही. पण पेटीने दिलेली एक गोष्ट त्यांनी प्रत्येक ठिकाणी बरोबर नेली. चाल. नाटकात चाल, बोलपटात चाल, लिहिण्यातसुद्धा वाक्याची चाल. जीभ तीच, चौकट वेगळी.

गंमत अशी की संगीत नाटकाच्या पिटात मात्र पायवाला ऑर्गन पुढे कित्येक वर्षं ठाण मांडून बसला. तिथे खुर्ची होती, रंगमंच वर होता, मोठा आवाज हवा होता. म्हणजे पाय काढणं सगळीकडेच शहाणपणाचं होतं असं नाही. जागा पाहूनच पाय काढावेत. बालगंधर्वांच्या पदांना ऑर्गन, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, हा थाट ज्यांनी ऐकला ते लोक उरलेलं आयुष्य त्या आठवणीवर काढू शकत होते.

सारंगीचं नाव आलं, तर तेही बोलून टाकलेलं बरं. पेटीचा हा नवा संसार थाटला जात असताना तिच्या आधीची एक बाई हळूहळू घराबाहेर पडली. सारंगी गळ्याच्या सर्वांत जवळची. मींड घ्यावी तर तिने. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, मधली एकही जागा न सोडता जायचं, हे पेटीला जन्मात जमणार नाही. तिच्याकडे पट्ट्या आहेत, दोन पट्ट्यांच्या मधे काही नाही. पण सारंगीच्या तीस-पस्तीस तरफा लावता लावता बैठकीचा अर्धा तास जायचा, शिकायला आयुष्य लागायचं, आणि कोठ्याशी जोडलेलं तिचं नाव सोवळ्या मध्यमवर्गाला घरात नको होतं. पेटी आणली की लगेच वाजते, लावावी लागत नाही, गाणारा स्वतःच वाजवू शकतो आणि तिच्यावर कसला डाग नाही. सारंगियांची घरंच्या घरं यात बसली. एकाचं स्थलांतर दुसऱ्याच्या अंगणात होतं, हे पेटीच्या गुणगानात सहसा कुणी सांगत नाही.

तिच्यावर टीका करणारेही किरकोळ नव्हते. तिचे बारा सूर तिकडच्या मापाने समान अंतरावर कापलेले. आपला शुद्ध गंधार त्या मापापेक्षा किंचित खाली बसतो आणि ज्याचा कान तयार आहे त्याला तो फरक खुपतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींची पेटी बनवून घेतली. म्हणजे पुन्हा एक गृहस्थ, निवृत्तीनंतर आराम सोडून एका सुराच्या मागे. ती पेटी चालली नाही. वाजवायलाच अवघड. अगदी अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली, तेही मुळात औषधशास्त्रातले डॉक्टर. या बाईच्या नादाला लागलेल्या लोकांचे व्यवसाय तपासले तर सरळ वाटेने आलेला माणूस क्वचितच सापडेल.

आणि मग 1940. त्या वर्षी ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केलं. दिल्ली केंद्रावर काम करून गेलेल्या जॉन फाउल्ड्स या इंग्रज संगीतकाराने तिच्याविरुद्ध आधीच लेख लिहिला होता. रवींद्रनाथांनाही ती पसंत नव्हती. कारण तेच, मींड नाही, श्रुती नाहीत. बंदी उठायला 1971 उजाडलं. एकतीस वर्षं. तेव्हाचा रेडिओ म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना काम देणारा देशातला मोठा मालक. कुठल्याही कलावंताची या एका बंदीने रया गेली असती.

पण पेटीला फारसा फरक पडला नाही. एव्हाना ती एका दारची चाकर उरलीच नव्हती. कीर्तनात होती, भजनात होती, कव्वालीत होती, गुरुद्वाऱ्यात होती, तमाशात होती, मुंबईत सिनेमाच्या संगीतकारांपुढे चाली बसवायला होती. रेडिओवर नाही तर नाही. 1955 साली आकाशवाणीत पु. ल. देशपांडे नोकरीला लागले. पेटीवर जीव असलेला माणूस, आणि नोकरी अशा घरी जिथे पेटीला शिरकाव नाही! पु. लं.नी त्याआधी 'गुळाचा गणपती' चित्रपटात कथा, दिग्दर्शन, संगीत, अभिनय सगळं एकट्याने करून सिनेमा सोडला होता, आणि पुढे ही सुरक्षित सरकारी नोकरीही सोडून एकपात्री प्रयोगांकडे वळले. ज्याच्या घरी पेटी असते त्याला खुर्ची चिकटत नसावी, असं म्हणायचा मोह होतो. पण हे म्हणणं खरं नाही. माझ्या ओळखीत तीस-तीस वर्षं एकाच टेबलावर बसलेले उत्तम पेटीवादक आहेत.

तिकडे राहिलेल्या थोरल्या बहिणीचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तिथे सांगण्यासारखं फार नाही. ती उभी राहिली. मान होता तिथेच राहिली, दोन्ही हात शाबूत ठेवून. आधी स्वस्त पियानो आले, मग ग्रामोफोन आला, 1935 साली हॅमंडचा विजेवरचा ऑर्गन आला. पाय मारायची गरज नाही, आवाज मोठा, सूर हवे तितके. चर्चनी तो घेतला. दिवाणखान्यातली तिची जागा रेडिओने घेतली. पाच लाख वाद्यं काढणारा एस्टीचा कारखाना 1960 साली बंद पडला. आज ब्रॅटलबरोला त्याच जागेत संग्रहालय आहे. तिची काही चूक नव्हती. ती आपलं काम उत्तम करत होती, शेवटपर्यंत. काही तरी करायला हवं हे लक्षात येईपर्यंत करण्याजोगं तिच्या हातात काही उरलं नव्हतं, इतकंच.

मिस्त्रींना मी हे सगळं ऐकवलं. ते मूळचे फर्निचरवाले. शहरात फ्लॅटची बांधकामं जोरात होती, मॉड्युलर किचनची लाट आली होती, हाताखाली आठ पोरं होती, आणि गिऱ्हाईक आगाऊ पैसे देऊन थांबत होतं. त्या सुमाराला ते एका म्हाताऱ्या कारागिराकडे संध्याकाळचे जाऊन बसू लागले. वर्षभर नुसते जुन्या पेट्यांचे सूर पुसले. मग एक दिवस फर्निचरचं काम भावाकडे दिलं. घरात महिनाभर कुणी धड बोललं नाही.

"धंदा पडल्यावर आला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं," मी म्हटलं.

"हो, पण मग हात कापले असते ना." त्यांनी कानस दाखवली. "हे बघा, जीभ घासताना केसाएवढं जास्त गेलं की सूर गेला, दुसरा घाला. माझा उस्ताद म्हणायचा, पहिले शंभर सूर तू बिघडवणारच. ते बिघडवायला खिशात पैसे पाहिजेत. उपाशी माणूस शंभर सूर बिघडवू शकत नाही. तो तिसऱ्या सुराला घाबरून जातो."

ही गोष्ट मला कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात सापडली नव्हती. नवशिकेपण ही चैन आहे आणि ती भरल्या खिशानेच परवडते. तो खिसा भरलेला असताना मात्र नवशिकं व्हायचं कुणाच्या मनात येत नाही. माझ्या मित्राच्या हप्त्यांचा प्रश्न यातून सुटत नाही. पण तो प्रश्न हप्ते संपल्यावर सुटेल ही त्याची समजूत मात्र मला थोडी डळमळीत वाटायला लागली आहे. मी अजून त्याला हे बोललेलो नाही. बोललो तर तो मिस्त्रींना भाऊ होता याकडे बोट दाखवेल. दाखवू दे.

पेटीचं स्वतःचं तर अजून थांबलेलं नाही. मधे तिने पट्टी बदलायचं यंत्र अंगात घेतलं. अख्खा पट्ट्यांचा संच डावी-उजवीकडे सरकतो आणि वादकाची बोटं सवयीच्या जागीच राहून काळी एकची काळी चार होते. या सोयीपायी ती पंधरा किलोच्या पुढे गेली आणि कार्यक्रमांना ती उचलणाऱ्या पोरांनी तिच्या आईबापांचा उद्धार केला. आता घडी करून बॅगेत बसणाऱ्या पेट्या निघाल्या आहेत, विमानाच्या सामानात जाव्यात म्हणून. अमेरिकेत, युरोपात योगवर्गांमधून 'कीर्तन' चालतं. तिथली मंडळी गुडघे कुरकुरत असतानाही मांडी घालून जमिनीवर बसतात आणि डाव्या हाताने भाता ओढत नामस्मरण करतात. पॅरिसची मुलगी बंगाल्याकडून बसायला शिकून परत गेली आणि तिकडच्यांना बसवते आहे.

मिस्त्रींच्या कामात आता निम्मं बाहेरदेशीचं. माझ्यासमोरच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. कुणी बाई बर्फाच्या गावातल्या गरम खोलीत बसून पट्टी दाबत होती आणि पेटीतून सुराऐवजी नुसती हवा सुसत होती. मिस्त्रींनी दोनदा ऐकलं. तिकडे हीटरने लाकूड सुकून आकसतं, फळीला फट पडते, हवा निसटते. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि स्वतःच्या इंग्रजीत निरोप रेकॉर्ड केला. त्याचा मराठीत मतलब असा, की बाई, आधी खोलीत पाण्याने भरलेलं एक पातेलं ठेवा, आठवडाभर थांबा, आणि तोवर कुणी सांगितलं तरी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका.